धोंडूचा स्वभाव

कासवाच्या दोन पिल्लांचा तो फोटो मीच काढला होता. दगडूच्या पाठीवर पुढचे दोन्ही पाय टाकून धोंडू झोपलाय, मान लांब काढून त्याच्या कवचावर टेकवलीय, डोळे मिटलेत, आणि दोघांवर दिव्याचा पिवळाधमक उजेड. दोघं मिळून माझ्या तळहातावर मावतील एवढे. खाली ‘भावंडं’ एवढंच लिहिलं आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोटो धाडला. बदामांचा पाऊस पडला. मावशीनं ‘दृष्ट लागेल गं’ असं लिहिलं. फक्त एका गृहस्थांचं उत्तर निराळं आलं. वीसेक वर्षं कासवं सांभाळतायत ते, बोलणं अगदी मोजकं. त्यांनी लिहिलं, ‘लहान आहे त्याला वेगळं करा. लवकर.’ त्यापुढे ना हसरा चेहरा, ना बदाम.

मला रागच आला. काही लोकांना कुणाचं कौतुक बघवत नाही, असं मी नवऱ्याजवळ म्हणालेसुद्धा. पण रात्री झोप येईना. उठले, कासवांची वही काढली आणि दर रविवारी लिहिलेली वजनं वाचत बसले. दोघं एकाच दिवशी अंड्यातून निघालेले. एक १२ ग्रॅम, एक ११. दीड वर्षानंतर दगडू ९६ ग्रॅमचा झाला होता आणि धोंडू ६१. आकडे माझ्याच अक्षरात होते. आठवड्यामागून आठवडे मीच ते लिहीत आले होते, आणि शेजारच्या रकान्यात, ज्याच्या डोक्यावर मी हौसेनं ‘स्वभाव’ असं लिहून ठेवलंय, तिथे बहुतेक वेळा तेच: दगडू धीट, खादाड, हट्टी. धोंडू लाजाळू, झोपाळू, प्रेमळ.

प्रेमळ.

नावं नवऱ्याची. लेकीला काहीतरी झगमगीत नाव हवं होतं, पण डबा उघडल्यावर आत दोन खडे पडलेत असंच वाटलं आणि तो म्हणाला, ‘हा दगडू, हा धोंडू.’ तीच चिकटली. हर्मन जातीची, म्हणजे युरोपातल्या जमिनीवरच्या कासवांची ही पिल्लं, रानातून आणलेली नव्हेत. पाळीव जोडीची अंडी यंत्रात उबवून झालेली, रीतसर कागदपत्रांसकट. तेव्हा त्यांच्या नाकाखाली तो बारीक पांढरा टोचा अजून होता, ज्यानं आतून अंड्याचं कवच फोडतात आणि जो थोड्याच दिवसांत गळून पडतो. पोटाखाली बेंबीसारखी खूण होती. कवच दाबलं तर नखाएवढं लवेल असं वाटे, आणि त्याच्या मधोमध आडवी घडी दिसे, कारण अंड्यात जागा नसते म्हणून पिल्लू वाकून बसलेलं असतं. घडी घातलेलं कासव. चार दिवसांत ती उलगडली.

त्यानंतर जवळजवळ तीन महिने आम्हाला कासवं दिसलीच नाहीत. सकाळी मातीत हात घालून चाचपायचं, कोमट पाण्यात बसवायचं, पाल्यासमोर ठेवायचं. दोन घास खाल्ले की पुन्हा माती. ‘आई, आपण कासवं नाही आणली, मातीच आणली,’ असं लेक वैतागून म्हणायची. आता कळतं की एवढ्याशा कासवाला जगात काम एकच, कुणाला दिसायचं नाही. कावळा, उंदीर, कोल्हा, ज्याला तोंड आहे तो त्याला खातो. मोठेपणी जी पाठ ढाल होणार ती अजून कागदाच्या पुठ्ठ्याएवढी. मग अशा जिवाला ‘लाजाळू’ कसं म्हणायचं? पण मी म्हटलं होतं. पहिल्याच आठवड्यात, दोघांच्याही नावापुढे.

पहिल्या वर्षाच्या मध्यावर कधीतरी दगडू बदलला. एका सकाळी झाकण उघडलं तर हा मातीवर, मान उंच काढून, माझ्या हाताच्या दिशेनं निघालेला. निघालेला म्हणजे धावत. कासव हळू चालतं ही गोष्ट ज्यानं कुणी पसरवली त्यानं भुकेलं पिल्लू पाहिलेलं नसणार. चारी पायांवर अंग उचलून, पोट जमिनीला लागू न देता, तुरुतुरु. घशाखालची कातडी फुलत-मिटत होती. मला वाटलं धाप लागली. ती धाप नव्हे, ते हुंगणं. घसा हलवून नाकातून हवा खेळवतात आणि वास घेतात. श्वासाचं प्रकरण वेगळंच आहे. बरगड्या कवचालाच जोडलेल्या, त्यामुळे छाती फुगायची सोय नाही. आतले स्नायू आणि पायांची हालचाल मिळून फुप्फुसं दाबतात, सोडतात. म्हणून स्वस्थ बसलेलं पिल्लूही कधीकधी पुढचे पाय किंचित आत-बाहेर करत असतं, झोपेत पोहावं तसं. आणि घाबरून डोकं एकदम आत ओढलं की आतली हवा बाहेर पडते, ‘फुस्स’ आवाज येतो. तो फुत्कार ऐकून मी वहीत दोनदा ‘रागीट’ असं लिहिलंय.

एकूण त्या वहीत मी बरंच काय काय लिहिलंय. ‘धोंडू रडला’ अशी एक नोंद आहे, ती लेकीच्या आग्रहाखातर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं खरं. आपल्या डोळ्यांतलं पाणी आतल्या आत नाकात उतरतं, कासवाला ती नळीच नाही, म्हणून जास्तीचं पाणी गालावरून ओघळतं. ‘दगडूला माझं नखरंगाचं वेड’ अशीही एक आहे. लाल नखं रंगवली त्या दिवशी त्यानं अंगठ्याला असा चावा घेतला की मी ओरडलेच. दात नाहीत, पण चोचीची धार आहे. त्याला लाल म्हणजे फूल. जास्वंदीची पाकळी आणि माझं नख यांत त्याच्या लेखी फरक नव्हता. आणि एक नोंद जांभयांची. सकाळी दिव्याखाली बसल्यावर दगडू जांभई देई, गुलाबी जीभ दिसेल इतकी मोठी, आणि मी बघू लागे की धोंडू देतो का. पुढे वाचनात आलं की माझ्यासारखीच उत्सुकता असलेली माणसं जगात आहेत. अॅना विल्किन्सन या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलेक्झांड्रा नावाच्या लाल पायांच्या कासवीला हुकमी जांभई द्यायला शिकवलं, त्यासाठी कित्येक महिने घातले, आणि मग तिच्यासमोर दुसरी कासवं बसवून जांभई त्यांना लागते का ते पाहिलं. लागत नाही. या कामाला २०११ सालचं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. लोक हसले असतील. मला त्या महिन्यांचं अप्रूप वाटतं. कासवासमोर बसून वाट पाहणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

माझी आई फोनवर म्हणाली होती, ‘अगं, कासवी पिल्लांना दूध पाजत नाही की भरवत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते.’ कूर्मदृष्टी. लहानपणापासून ऐकलेलं, आणि ऐकताना नेहमी डोळे भरून यावेत असं काहीतरी वाटायचं. खरी कासवी खड्डा उकरते, अंडी घालते, मागच्या पायांनी माती लोटून दाबते आणि चालू लागते. मागे वळून बघतसुद्धा नाही. पिल्लं बाहेर येतात तेव्हा त्यांना कुणी ओळखत नसतं आणि तीही कुणाला शोधत नाहीत. आमच्या घरात पिल्लांवर तासन्‌तास नजर लावून बसणारी कासवी एकच होती, ती मी. आणि त्या नजरेला दीड वर्षात ३५ ग्रॅमचा फरक दिसला नव्हता.

त्या गृहस्थांना शेवटी मी फोन केला. थोडं भांडायच्याच तयारीनं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘दिव्याखालची सगळ्यात उबदार जागा कोणती?’ मी म्हटलं, सपाट दगड ठेवलाय तो. ‘त्यावर कोण बसतं?’ दगडू. ‘मग दुसऱ्यानं बसायचं कुठे?’

मी फोन कानाला लावून तशीच फोटोकडे बघत राहिले. धोंडू दगडूला बिलगला नव्हता. त्याला दिवा हवा होता, आणि दिव्याखाली दगडूची पाठ सोडून जागाच उरली नव्हती.

मग बाकीचंही आठवू लागलं. दोघं ‘पकडापकडी’ खेळतात असं मी लेकीला दाखवायचे: दगडू मागून यायचा, डोकं आत ओढून कवचानं धडक द्यायचा, धोंडू पळायचा. एकदा अशा धडकेनं धोंडू उताणा पडला. कासवाची पाठ कशी असली म्हणजे ते आपोआप सुलटं होईल यावर हंगेरीत गणितींनी काम केलंय. गाबोर डोमोकोश आणि पेतर वार्कोन्यी यांनी २००६ साली एक आकार मांडला, गोम्बोच, कसाही ठेवला तरी डुलत डुलत एकाच बाजूवर उभा राहणारा, आणि मग निसर्गात त्याच्या जवळचं काय आहे हे शोधताना त्यांनी कासवांची कवचं मोजली. आपलं तारकांचं उंच घुमटाचं कासव त्या आकाराच्या फार जवळ जातं. हर्मनची पाठ तेवढी घुमटाकार नसते. त्याला पाय झाडावे लागतात, मान उलटी टेकवून रेटा द्यावा लागतो. धोंडू तसं करत होता. दगडू त्याच्या पोटावरून चालत पाल्याकडे गेला. मी धोंडूला सुलटं केलं, हसले, आणि वहीत लिहिलं: ‘मस्ती.’ वरून दिवा तापत होता. मी त्या वेळी खोलीत नसते तर काय झालं असतं, ते आता लिहिताना बोटं जरा थांबतात.

दुसऱ्या दिवशी पेटीच्या मधोमध फळी घातली. काच नाही, फळीच. काच त्यांना कळत नाही, पलीकडचं दिसतंय म्हणजे जाता येणार असं धरून ती दिवसभर नाक घासत राहतात. दोन्हीकडे वेगळा दिवा, वेगळं पाणी, वेगळी माती. लेक रडली. ‘त्याला एकटं वाटेल,’ म्हणाली. मीही मनातून तेच म्हणत होते, आणि रात्री दोनदा उठून धोंडूकडे बघून आले.

धोंडूनं पहिला दिवस मातीत काढला. दुसऱ्या दिवशी तो बाहेर आला, सरळ दगडावर चढला, मागचे पाय ऐसपैस लांबवले, तळवे वर, मान जमिनीवर पसरली, आणि असा पडून राहिला की लेकीला वाटलं मेला. दीड वर्षात मी त्याला असा पसरलेला कधी पाहिला नव्हता. दुपारी त्यानं जास्वंदीच्या तीन पाकळ्या खाल्ल्या. वहीत जागोजागी होतं, ‘धोंडूला फूल आवडत नाही.’ दोन महिन्यांत तो ८० ग्रॅमचा झाला, आणि एके दिवशी पाणी बदलताना मला चावला. लाजाळू, झोपाळू, प्रेमळ धोंडू. मला इतका आनंद झाला की मी बोट तसंच धरून ठेवलं.

पण गोष्ट इथेच संपली असती तर बरं. कारण तिकडे दगडू बिघडला. पहिले चार दिवस तो फळीच्या कडेनं येरझाऱ्या घालत राहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नंतर मातीत गेला तो तीन आठवडे. उचलून ठेवलं तर खायचा, सोडलं की आत. हात पाहून धावणं बंद. धीट, खादाड, हट्टी दगडू पहिल्या तीन महिन्यांतल्या पिल्लासारखा झाला. मला काही सुधरेना. जो दाबत होता तो आता कशानं दबला? की त्याचं धावणं म्हणजे धिटाई नव्हतीच, दुसरं तोंड पोचायच्या आत पोचायची घाई होती, आणि आता दुसरं तोंडच नाही तर घाई कसली? त्या दोघांचे म्हणून मी जे स्वभाव लिहिले होते ते धोंडूचे नव्हते, दगडूचेही नव्हते. दोघांच्या मधल्या वीतभर जागेत ते कुठेतरी राहत होते, आणि त्याच जागेत मी फळी घातली होती.

नवऱ्याचं म्हणणं साधं होतं: ‘त्याच्या बाजूचा दिवा बघ.’ बघितला. नवा दिवा दगडापासून जरा जास्तच उंच लागला होता. दगडावर २६ अंश भरले. धोंडूकडे ३३. दिवा खाली घेतला आणि आठवडाभरात दगडू वर आला, थोडा थोडा. हे मला पचायला जड गेलं. मी त्याच्या मनात शिरून काय काय शोधत होते, आणि खरं उत्तर, निदान अर्धं उत्तर, तर्जनीएवढ्या उंचीत होतं. मग मी वही मागून पुढे चाळली. ‘दगडू उदास’, ‘दोघं रुसलेत’, ‘आज फार आगाऊपणा’. जिथे आठवलं तिथे बाजूला हवामान लिहीत गेले. ढगाळ. दिवा गेला होता. कडक ऊन. आपल्याकडे इंद्रियं आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा देतात. अंग आवरून घेणाऱ्या माझ्या कासवांना बहुतेक वेळा नुसती थंडी वाजत होती.

उबेचा हा हिशेब तर जन्माआधीच सुरू होतो. अंडी उबत असताना मधल्या काळात साधारण साडेएकतीस अंशांच्या वर ऊब मिळाली तर या जातीत मादी होते, खाली राहिली तर नर. धोंडू धोंडू आहे की धोंडी, हे कळायला अजून काही वर्षं लागतील. नराचं शेपूट पुढे लांब होतं, पण तोवर आखूडच दिसणार. इंग्लंडात अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक पाद्री होते. त्यांना आत्याकडून टिमथी नावाचं कासव मिळालं. त्यांनी वर्षानुवर्षं त्याच्या नोंदी ठेवल्या, वजनं केली, आणि एक गंमत टिपली: भरल्या गाडीचं चाक गेलं तरी टिकेल असं कवच पाठीवर असून टिमथी पावसाचे दोन थेंब पडले की ठेवणीतले कपडे घातलेल्या बाईसारखा कोपऱ्यात पळायचा. व्हाइट टिमथीला नरच समजत होते. टिमथी मेल्यानंतर त्याचं कवच तपासलं तेव्हा कळलं की ती मादी होती. मला हे वाचून फार बरं वाटलं. इतकं बारकाईनं बघणाऱ्या माणसालाही मुळातलंच कळलं नव्हतं.

त्या वर्षी दिवस लहान होऊ लागले तसे दोघं मंदावले. दिवे तेच, ऊब तीच, तरी पाला तसाच राहू लागला. खिडकीतला उजेड कमी होतोय हे त्यांना माझ्याआधी समजलं. पहिल्या हिवाळ्यात आम्ही त्यांना जागं ठेवलं होतं. या वेळी त्या गृहस्थांच्या सांगण्यावरून, डॉक्टरांकडून तपासून, हिवाळी झोपेसाठी निजवायचं ठरलं. आधी दोन-तीन आठवडे खाणं बंद, रोज कोमट पाणी, म्हणजे पोट रिकामं होतं. थंडीत पोटातला पाला पचत नाही, सडतो. मग मातीच्या दोन डब्यांत दोघं, आणि डबे एका छोट्या फ्रिजात, ५ अंशांवर. रोज एकदा दार उघडून हवा द्यायची, आठवड्याला वजन. पाहुण्यांना हे सांगितलं की ते कसनुसे हसायचे. आठ आठवडे मी फ्रिजाच्या दाराशी उभी राहून थंडगार दगड वजनकाट्यावर ठेवत होते. त्या आठ आठवड्यांत स्वभावाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला जरा सुट्टी मिळाल्यासारखं झालं.

जागे झाले तेव्हा दोघांनी आधी पाणी प्यायलं. डोकं बुडवून, डोळे मिटून, कितीतरी वेळ. घसा वरखाली होत होता.

एलिझाबेटा व्हर्साचे या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे कासवपिल्लांवरचे दोन अभ्यास माझ्या डोक्यातून जात नाहीत. २०१८च्या अभ्यासात त्यांनी पिल्लं जोडीजोडीनं मोकळ्या जागेत सोडली. ओळखीची पिल्लं जणू दुसरं तिथे नाहीच अशी आपापली फिरली. अनोळखी पिल्लांनी आधी एकमेकांचा अंदाज घेतला आणि मग लांब गेली. म्हणजे ओळख असते. ओळखीचा उपयोग असा की लक्ष द्यावं लागत नाही. लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, ‘बाबा आणि तुझ्यासारखं.’ दुसरा अभ्यास २०२०चा. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या, कुणाचंही तोंड न पाहिलेल्या पिल्लांसमोर ठिपक्यांची चित्रं ठेवली, आणि ती बहुतेक वेळा चेहऱ्यासारख्या मांडणीकडे गेली. दोन डोळे, खाली तोंड. ज्यांना आई भेटायची नाही, भावंडांशी देणंघेणं नाही, त्यांना चेहरा कशाला हवा? चेहरा म्हणजे जिवंत काहीतरी, एवढं कळलं की जवळ जायचं की पळायचं ते ठरवता येत असेल. मला हे कारण पटतं. तरी ते वाचलं त्या संध्याकाळी मी धोंडूच्या पेटीपाशी जरा जास्त वेळ, चेहरा खाली घेऊन, बसले.

तो फोटो मी पुसलेला नाही. लेकीनं त्याची छापील प्रत काढून पेटीवर चिकटवलीय, दोघांच्या मधल्या फळीवर, बरोबर मध्यभागी. वहीतला रकाना मात्र बदलला. ‘स्वभाव’ खोडून ‘दगडावरचं तापमान’ केलं. रविवारची पानं आता नीटनेटकी दिसतात. मागच्या रविवारची नोंद अशी आहे: दगडू १२४ ग्रॅम, ३२ अंश, पाला अर्धा. धोंडू १०३ ग्रॅम, ३२ अंश, पाला सगळा, फूल सगळं. माझ्याकडे बघितलं. यातलं शेवटचं वाक्य मी खोडलं आणि त्याच्यावर ‘मान वर केली’ असं लिहिलं. खालचं अजून वाचता येतं.